मक्याच्या बदल्यात कुऱ्हाड



गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत आमच्या चौथीच्या वर्गात चांगलीच जुंपली होती. विषय होता ‘टॉमहॉक’. एक म्हणत होता, टॉमहॉक म्हणजे क्षेपणास्त्र. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेनं ते डागलं होतं, हे त्याला बाबांनी सांगितलेलं. दुसरा म्हणत होता, “छट्! टॉमहॉक म्हणजे फेकून मारायची कुऱ्हाड. मोबाइलच्या गेममध्ये माझ्याकडे तीन आहेत.” भांडण सरकत सरकत माझ्या टेबलापाशी आलं. “बाई, तुम्हीच सांगा, कोण खरं?”

दोघंही खरे. फक्त कुऱ्हाड आधीची आणि क्षेपणास्त्र तिचं नाव घेऊन नंतर आलेलं. हा शब्द उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा, व्हर्जिनिया भागातल्या लोकांच्या भाषेतला. कॅप्टन जॉन स्मिथ नावाच्या इंग्रजानं तिथल्या शब्दांची एक छोटी यादी केली होती. १६१२ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात हा शब्द ‘कुऱ्हाड’ या अर्थानं आला आहे. त्या लोकांच्या कुऱ्हाडी पूर्वी दगडाच्या असत. पुढे गोऱ्या व्यापाऱ्यांनी लोखंडी कुऱ्हाडी आणल्या, त्या देऊन बीव्हर नावाच्या प्राण्याची कातडी नेली, आणि टॉमहॉक हे नाव लोखंडी कुऱ्हाडीला चिकटलं. तिचा एक प्रकार तर मोठा गमतीचा होता. एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला तंबाखूची चिलीम आणि दांडा आतून पोकळ! भांडायचं असेल तर पातं, समेट करायचा असेल तर चिलीम.

आता भांडण मिटलं असं वाटेपर्यंत मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला. “पण बाई, जंगलात दूर राहणाऱ्या लोकांची कुऱ्हाड मोडली, तर ते कुणाकडे जायचे?”

मला हा प्रश्न फार आवडला. त्याचं उत्तर म्हणजेच आजची गोष्ट.

१८०४ सालची गोष्ट आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जेफरसन यांनी एक तुकडी पश्चिमेकडे धाडली. मिसुरी नदीनं वर वर जायचं, डोंगर ओलांडायचे आणि थेट पॅसिफिक महासागर गाठायचा. मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क हे दोघं तिचे प्रमुख. ऑक्टोबरच्या शेवटी ते मँडन लोकांच्या गावांपाशी पोचले. आजच्या नकाशात हा भाग नॉर्थ डकोटा राज्यात येतो. नदी आता गोठणार, पुढे जाणं अशक्य, म्हणून त्यांनी तिथंच लाकडी कोट उभारला. त्याचं नाव फोर्ट मँडन.

थंडी कसली होती म्हणता! डिसेंबरात पारा उणे ४० च्याही खाली गेला. (सेल्सिअस की फॅरनहाइट, असं विचारणाऱ्या हुशार मुलांसाठी: उणे ४० ला दोन्ही मापं एकच होतात. पडताळून बघा.) चाळीसेक माणसं, बर्फ, आणि दिवसेंदिवस कमी होत चाललेली शिधासामग्री. शिकार मिळे, पण नेहमी नाही. शेजारच्या मँडन आणि हिदात्सा लोकांकडे मात्र मका होता. मातीच्या घुमटासारख्या मोठमोठ्या घरांत ते राहत. त्यांच्या बायका मका, घेवडा, भोपळा आणि सूर्यफूल पिकवत आणि हिवाळ्यासाठी धान्य जमिनीखाली पेवात साठवत. हो, आपल्याकडे पूर्वी असत तशी पेवंच!

पण मका फुकट कोण देणार? मणी, आरसे, फिती हे सगळं पुढच्या प्रवासासाठी जपून ठेवायचं होतं. तेव्हा मदतीला आला तुकडीतला लोहार, जॉन शील्ड्स. वय पस्तीस. हा काही कुठं रीतसर उमेदवारी करून लोहारकाम शिकलेला नव्हता. लुईसनं रोजनिशीत त्याचं फार कौतुक केलं आहे. कुणा उस्तादाकडे न शिकताही हा माणूस बरीचशी हत्यारं स्वतःच बनवतो आणि लाकूड असो की धातू, दोन्हींत सुरेख काम करतो, असं लुईस म्हणतो. तुकडीनं भाता आणि लोहारकामाची हत्यारं बरोबर आणली होती. कोटात भट्टी पेटली. मँडन लोक मोडकी कुऱ्हाड, बोथट कुदळ घेऊन यायचे आणि मका देऊन दुरुस्त करून न्यायचे. मागच्या बाकावरच्या मुली, तुला उत्तर मिळालं ना?

हळूहळू नव्या कुऱ्हाडींची मागणी आली. काम इतकं वाढलं, की जानेवारी १८०५ च्या अखेरीस लाकडं जाळून कोळसा पाडायची मोठी भट्टी लावावी लागली. क्लार्कनं तेव्हा लिहून ठेवलंय, की मका मिळवायचा आमच्यापाशी हा एवढाच उपाय आहे. म्हणजे बघा, सगळ्यांचं पोट त्या ऐरणीवर अवलंबून होतं.

आता कुऱ्हाड करतात कशी? मी वर्गात विचारलं तर बहुतेकांनी सांगितलं, “लोखंड वितळवून साच्यात ओततात.” नाही हं. लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. लोहाराच्या साध्या भट्टीला ते झेपत नाही आणि त्याची गरजही नसते. जुनी रीत अशी: लोखंडाची जाड पट्टी घ्यायची, लाल करायची, मधोमध एका गोल सळईभोवती वाकवायची आणि दोन्ही टोकं एकमेकांवर आणायची. पोळी मधोमध दुमडतो ना, तशी. सळईच्या जागी जे भोक राहिलं ते कुऱ्हाडीचं नेढं, त्यात पुढे दांडा बसतो. उरलेले दोन पदर एकमेकांना चिकटवायचे, की झालं पातं. खिळा नाही, स्क्रू नाही, डिंक नाही. नुसता ताव आणि हातोडा.

लोखंडाला लोखंड चिकटतं? चिकटतं. पण सहजासहजी नाही, आणि ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मी तिसरीत असेन. आप्पांनी आठवडी बाजारातून नवी कोरी कुऱ्हाड आणली होती. छान काळीभोर, धार लखलखीत. बाभळीचा एक गाठाळ ओंडका होता, त्यावर आप्पा घाव घालत होते आणि मी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. सातवा-आठवा घाव असेल. ‘खट्’ असा विचित्र आवाज आला आणि काहीतरी माझ्या डोक्यावरून सणसणत गोठ्याच्या भिंतीवर आदळलं. बोटभर लांबीचा, पातळ, काळा तुकडा होता. कुऱ्हाडीच्या पात्यातलं पोलाद निसटलं होतं आणि पात्याचे दोन पदर चोच उघडावी तसे उघडले होते. आप्पांनी कुऱ्हाड टाकली आणि आधी मला उचललं. त्यांचे हात थरथरत होते ते मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी ते कुऱ्हाड घेऊन आमच्या गावच्या लोहारमामांकडे गेले, मीही मागोमाग. नांगराचा फाळ शेवटायला सगळा गाव त्यांच्याकडेच यायचा. मामांनी ते उघडलेले पदर उजेडात धरले, आत बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट मला दाखवलं. “बघ पोरी, कीट आहे. वरनं जोड दिसतोय, आत बसलाच न्हाई.” मग त्यांनी स्वतः केलेली एक कुऱ्हाड दोरीला टांगली आणि हातोडीनं टिचकी मारल्यासारखं केलं. घंटेसारखा ‘ठण्ण’ आवाज किती वेळ घुमत राहिला! आमच्या कुऱ्हाडीवर मारलं तर नुसतं ‘थड’. फुटक्या माठासारखं.

हे कीट म्हणजे काय, ते आता सांगते. लोखंड तापलं, की हवेतल्या प्राणवायूशी त्याचा संयोग होतो आणि त्यावर काळी खपली धरते. तेच कीट. दोन पदरांमध्ये ते राहिलं, तर लोखंड लोखंडाला भेटतच नाही. आई घडीची पोळी करते तेव्हा बघा. घडी घालण्याआधी आत तेलाचं बोट फिरवते. का? तर पदर सुटावेत म्हणून. तेल लावलं नाही तर पदर एकमेकांत मिसळून जातात आणि पोळी जाड राहते. लोहाराला पोळीच्या नेमकं उलट हवं असतं. त्याला पदर सुटायला नको असतात आणि कीट मात्र तेलाचं काम करत असतं.

यावर लोहारांनी फार जुना उपाय शोधला आहे. बारीक वाळू! लोखंड तापत असताना त्यावर चिमूट चिमूट वाळू टाकायची. त्या उष्णतेत वाळू आणि कीट एकमेकांत विरघळतात आणि त्यांचा पातळ, काचेसारखा रस होतो. घट्ट खपली होती, तिचा रस झाला. आता हातोडा मारला, की रस पिचकारीसारखा बाहेर उडतो आणि आत स्वच्छ लोखंड स्वच्छ लोखंडाला भिडतं. हल्ली वाळूऐवजी टाकणखार वापरतात, तो आणखी कमी उष्णतेत वितळतो. सोनारमामांच्या दुकानात तो तुम्ही पाहिला असेल.

दुसरी गोष्ट म्हणजे ताव. लोखंड आधी लाल होतं, मग नारिंगी, मग पिवळं. लोहार तेवढ्यावर थांबत नाही. फिकट पिवळं, जवळजवळ पांढरं झालं आणि ओलं असल्यासारखं चकाकायला लागलं, की वेळ झाली. तेव्हा ते साधारण १३०० अंशांच्या आसपास असतं. वितळलेलं नसतं, पण मेणासारखं मऊ झालेलं असतं. त्याच्याही पुढे गेलं, तर फुलबाजीसारख्या ठिणग्या फुटायला लागतात. (फुलबाजीत तरी काय असतं? लोखंडाचा कीसच!) म्हणजे लोखंड जळायला लागलं, काम बिघडलं. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही, सगळा कारभार डोळ्यांवर. म्हणून पूर्वीचे लोहार भट्टी सावलीत ठेवत. भर उन्हात रंग कळतच नाही.

आणि मग घाई! भट्टीतून ऐरणीवर आणेपर्यंत लोखंड निवायला लागलेलं असतं. पातळ पातं असेल तर हातात चार-पाच सेकंद. कोळसा झटकला, ऐरणीवर ठेवलं, आणि ठक् ठक् ठक् ठक्! तुम्हाला वाटेल, आता घण दाणकन हाणत असतील. मुळीच नाही. पहिले घाव हलके आणि भराभर. आणि तेही नेढ्याच्या बाजूनं सुरू करून कडेकडे सरकत जायचे, म्हणजे तो रस कडेनं बाहेर पडतो. आधी कडा ठोकल्या, तर रस आत कोंडला जाणार. आमच्या कुऱ्हाडीत बहुधा तेच झालं असावं. जोड एकदा धरला, की मग पुन्हा ताव देऊन जोरात ठोकायचं. नीट बसलेला जोड शोधून सापडत नाही, कारण तिथं दोन लोखंडं उरलेलीच नसतात.

याचा एक छोटा प्रयोग घरी करता येईल. कणकेचे चार सारखे गोळे घ्या. दोन गोळे तसेच एकमेकांवर दाबा. उरलेल्या दोहोंच्या मध्ये कोरडं पीठ भरपूर भुरभुरवून मग दाबा. दोन्ही जोड्या ओढून बघा, कोणती आधी सुटते ते. भट्टीचा प्रयोग मात्र कुणीही करायचा नाही. पालकांनाही सांगते, मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून अंगणात कोळसे पेटवू नका. तो पांढरा रस पायावर उडाला तर चप्पल जाळून आत जातो.

आता ते निसटलेलं पोलाद. ते पात्यात मुळात घालतातच का? साधं लोखंड मऊ असतं, झाडावर चार घाव घातले की धार बसते. पोलाद म्हणजे लोखंडच, पण शंभर भागांत जेमतेम अर्धा ते एक भाग कार्बन असलेलं. ते कडक होतं, धार धरतं, पण पूर्वी फार महाग असे. शिवाय सगळी कुऱ्हाड कडक केली, तर नेढ्यापाशी तडकायची भीती. म्हणून अंग लोखंडाचं आणि दोन पदरांत सारणासारखी पोलादाची चीप. अंगानं धक्का सोसायचा, पोलादानं धार सांभाळायची. पण मग जोड तीन पदरांचा झाला. त्यात पोलाद लोखंडाच्या आधीच जळायला लागतं, त्यामुळे दोघांनाही मानवेल असा ताव साधावा लागतो.

जोड झाल्यावर धार लाल करून पाण्यात बुडवायची. किती लाल? पूर्वी नुसत्या नजरेनं ठरवत. आता काही लोहार लोहचुंबक लावून बघतात. साधारण ७७० अंशांना लोखंडाला लोहचुंबक ओढेनासं होतं. चर्रकन आवाज येतो आणि पोलाद काचेसारखं कडक होतं. काचेसारखं म्हणजे फुटणारंही! म्हणून पुन्हा बेतानं गरम करायचं. घासून चकचकीत केलेल्या धारेवर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि निळा असे रंग चढत जातात. कुऱ्हाडीला जांभळ्या-निळ्यापाशी थांबवतात. या सगळ्याला आपले लोहार म्हणतात ‘पाणी देणं’. ‘तलवारीचं पाणी’, ‘पाणीदार पोरगा’, ‘पाणी जोखणं’ हे शब्द आपण सहज बोलतो. त्यातलं पाणी या भट्टीपाशी उभं राहिलं, की चांगलं कळतं.

चला, पुन्हा फोर्ट मँडनला. शील्ड्सकडून लोकांना हवी होती ती झाडं तोडायची कुऱ्हाड नव्हती, लढाईची होती. लुईसनं तिचं बारीक वर्णन केलं आहे. नुसत्या लोखंडाची, पोलाद नाही. पातं अगदी पातळ आणि सात ते नऊ इंच लांब, धार पावणेपाच ते सहा इंच रुंद, नेढ्यापाशी पातं जेमतेम इंचभर, नेढं गोल. दांडा फक्त चौदा इंचांच्या आसपास. सगळ्याचं वजन अर्धा किलोभर. लुईसला हा आकार अजिबात पटला नव्हता. एवढं लांब पातं आणि एवढासा दांडा, नेम कसा लागणार? त्यात हे लोक ती घोड्यावरून वापरतात! पण गिऱ्हाइकाला तीच हवी होती, आणि मका गिऱ्हाइकाकडे होता. शील्ड्सनं मुकाट्यानं तशीच करून दिली. मला विचाराल तर त्यानं बरोबर केलं. घोड्यावर बसून लढायचं त्या लोकांना होतं, लुईसला नव्हे.

फेब्रुवारी उजाडला. तेव्हा आगीत जळून निकामी झालेली एक पत्र्याची शेगडी होती, तीच कापायला घेतली. चार-चार इंचांचे चौकोनी तुकडे केले. मँडन लोक त्यांतून बाणांची टोकं आणि कातडी खरवडायची हत्यारं करत. एकेका तुकड्याला किती मका मिळाला असेल? सात ते आठ गॅलन! म्हणजे सव्वीस ते तीस लिटर. दुधाची मोठी किटली डोळ्यांपुढे आणा.

सगळ्यांचा हिवाळा निभावला. ७ एप्रिल १८०५ ला तुकडी पुढे निघाली. जूनमध्ये जड सामान पुरून ठेवायची वेळ आली, तेव्हा भाता आणि लोहारकामाची हत्यारंही मातीखाली गेली. मँडन लोकांवर पुढे फार वाईट वेळ आली. १८३७ च्या देवीच्या साथीत त्यांच्यातली बहुतेक माणसं दगावली. जी वाचली त्यांचे वंशज आज हिदात्सा आणि अरिकारा लोकांबरोबर नॉर्थ डकोटातच राहतात.

आणि त्या कुऱ्हाडी? तुकडी रॉकी पर्वत ओलांडून महासागरापर्यंत गेली, तिथं दुसरा हिवाळा काढला आणि १८०६ मध्ये परत फिरली. परतीच्या वाटेवर, डोंगरांच्या पश्चिमेला नेझ पर्स लोकांच्या एका गावात सार्जंट जॉन ऑर्डवेला एक कुऱ्हाड दिसली. पातळ, लांब पात्याची. त्यानं ती ओळखली. शील्ड्सनं फोर्ट मँडनच्या भट्टीवर घडवलेली होती ती! हजार किलोमीटरहून जास्त अंतर, मध्ये एवढे थोरले डोंगर. एका गावानं दुसऱ्या गावाला विकत, कुणाच्या घोड्यावरून, कुणाच्या कमरेला लटकून ती त्यांच्या आधीच तिथं येऊन पोचली होती.

वर्गात हे सांगून झालं, तेव्हा गेमवाला मुलगा म्हणाला, “बाई, तिचा जोड सुटला नव्हता ना?”

ऑर्डवेनं तसं काही लिहिलेलं नाही. पण एवढा प्रवास करून ती कुणीतरी जपून ठेवली होती, यावरून तुम्हीच काय ते ठरवा. कणकेचा प्रयोग केलात तर मला पत्रानं जरूर कळवा. आणि हो, ती कणीक टाकून देऊ नका बरं का. कोरडं पीठ मळून घेतलं, की तिची पोळी होते.

तुमच्या,
बाई